विंडोज ११ टाकू की नको? आधी टेबलाखाली वाकून बघा

विंडोज ११ टाकायचं की नाही हे ठरवायला बसलात की आधी टेबलाखाली वाका. कॉम्प्युटरच्या मागे काय काय खोचलंय ते बघा. प्रिंटर कुठला आहे, तो कुठल्या वायरने जोडलाय, एखादं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लागणारी यूएसबीची किल्ली, लटकतंय का, डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं टोकन कुठल्या खणात पडलंय. मग वर येऊन रोज जे जे उघडता त्याची एका कागदावर यादी करा. महिन्यातून एकदाच लागणारी कामंही त्यात लिहा, नेमकी तीच विसरतात. या यादीत सगळ्यात जुनं जे असेल त्याला काय झेपतं, यावर तुमचा निर्णय ठरणार आहे. प्रोसेसर आणि रॅम त्यानंतर.

लालबागला माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे वार्षिक अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा, लिव्ह अँड लायसन्सचे मसुदे, काय येईल ते. हार्डवेअर हा माझा धंदा नाही. पण पेनड्राइव्ह घेऊन येणारा प्रत्येक जण जाता जाता हाच प्रश्न विचारतो. तोंडी सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

घाई आहे, पण कसली?

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही आणि पडणारही नाही. फरक एवढाच, की त्यात यापुढे नवी त्रुटी सापडली तर ती बुजवणारं अपडेट आपोआप येणार नाही.

‘चालतंय की मग!’ हे उत्तर मला हमखास मिळतं. चालतंच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरच्या फायली कुलूपबंद करून पैसे मागितले, तेव्हा तेही कॉम्प्युटर आदल्या दिवशीपर्यंत छान चालत होते. ज्या त्रुटीतून तो शिरला तिचं अपडेट मार्चमध्येच निघालं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते अडकले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. त्याने तीच त्रुटी वापरली, शिवाय आणखी वाटाही शोधल्या, आणि खाडीपलीकडे न्हावा शेव्याला जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनरवाल्यांची गोष्ट आपल्याला कशाला, असं वाटेल. पण हे व्हायरस माणसाची ऐपत बघून येत नाहीत, नेटवर जे उघडं सापडेल त्यात शिरतात. ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही नेटबँकिंग करता, त्यावर अपडेट बंद झालेलं विंडोज ठेवू नका. एवढ्या एका बाबतीत मी कोणाशी वाद घालत नाही.

मात्र घाईघाईत आजच्या आज उडी मारायचीही गरज नाही, कारण मधली एक सोय आहे. घरगुती वापरातल्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सुरक्षेची अपडेट देतं. त्यासाठी विंडोज १० चं शेवटचं, म्हणजे २२एच२ हे व्हर्जन असावं लागतं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ते फुकट आहे. नाहीतर त्यांचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरइतके रुपये. एका खात्यावर दहा कॉम्प्युटरपर्यंत चालतं. ऑफिसातले कॉम्प्युटर कंपनीच्या डोमेनला जोडलेले असतील, तर त्यांची योजना वेगळी आणि बरीच महाग आहे. तिथे पहिल्या वर्षाला प्रत्येक मशीनमागे ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट.

माझं मत असं, की तुमच्या यादीत एकही अडेलतट्टू वस्तू असेल तर ही मुदत घ्या आणि त्या काळात तिचा बंदोबस्त करा. मुदत घेऊन झोपी जाणार असाल तर उपयोग नाही, ऑक्टोबर २०२६ मध्ये पुन्हा तिथेच.

डॉसमधली बिलं आणि परळचे काका

जुनी वस्तू निर्णय कसा घेते, हे बघायचं असेल तर सोसायटीच्या ऑफिसात जा. परळच्या एका जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी मला बोलावलं होतं. जिन्याखालची खोली, खुर्चीवर टॉवेल, टेबलावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि दोन्ही कडांना भोकं असलेला अखंड कागद खालच्या खोक्यातून वर चढलेला.

‘अगं, मुलगा म्हणतो दहा संपलं, अकरा टाका. पण इथे तर ते बटणच दिसत नाही.’

‘काका, मेंटेनन्सची बिलं कशात काढता तुम्ही?’

काकांनी एका काळ्या स्क्रीनवर बाणाची बटणं टकटक दाबत प्रोग्रॅम उघडला. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला, विंडोजच्याही आधीच्या डॉसचा. माउसला तिथे काही किंमत नाही. ज्यांनी तो लिहून दिला ते गृहस्थ आता हयात नाहीत. ‘एक पैसा चुकला नाही आजवर,’ काका म्हणाले, आणि ते खरंच असणार.

मी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं उघडलं. सिस्टिम टाइपच्या ओळीत लिहिलं होतं, ३२-बिट. तिथेच सगळं उत्तर होतं. डॉसचे असे १६-बिट प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवरच चालतात, ६४-बिटवर चालत नाहीत. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच मिळतं. शिवाय ३२-बिटवरून ६४-बिटवर सरळ अपग्रेड होत नाही, डिस्क पुसून नव्याने टाकावं लागतं. म्हणजे काकांच्या मुलाने उत्साहात ‘फॉरमॅट मारून’ अकरा टाकलं असतं, तर पुढच्या महिन्याची बिलं हाताने लिहावी लागली असती. मशीन मुळात अकराच्या लायकीचं आहे की नाही, हा प्रश्न आलाच नाही.

असा प्रोग्रॅम असेल तर तीन गोष्टी करता येतात. पहिली, डेटा बाहेर काढा. फॉक्सप्रोचा डेटा डीबीएफ नावाच्या फायलींत असतो. त्या कॉपी करून एक्सेलमध्ये किंवा फुकटच्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. सभासदांची नावं, थकबाकी, सगळं ओळी-रकान्यांत दिसलं की निम्मी भीती जाते. दुसरी, नव्या मशीनवर डॉसबॉक्स-एक्ससारखा प्रोग्रॅम टाकून त्याच्या पोटात जुना प्रोग्रॅम चालवून बघा. बहुतेकदा चालतो, प्रिंटिंगला मात्र खटपट करावी लागते. कारण डॉसचा प्रोग्रॅम थेट जुन्या रुंद पॅरलल पोर्टकडे पाठवतो, आणि नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. यूएसबीची वायर बाजारात मिळते, पण नुसती ती लावून भागत नाही. तिसरी, जुनं मशीन तसंच ठेवा, नेटची वायर काढून टाका आणि त्यावर फक्त बिलं काढा. ईमेल, बँक, सरकारी साइट दुसऱ्या मशीनवर.

काकांनी तिसरी गोष्ट केली, पण मुदत घालून. नवं आर्थिक वर्ष सुरू होताना नव्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीच्या बाकीच्या रकमा भरायच्या आणि जुन्याला हात लावायचा नाही, असं कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरवून घेतलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलायला १ एप्रिलसारखा दुसरा मुहूर्त नाही. मधेच बदललंत तर ऑडिटर तुमच्या नावाने बोटं मोडेल. एक सावधगिरी मात्र हवी. नेट काढलं तरी पेनड्राइव्ह येत-जात असतो आणि व्हायरस त्यावर बसूनही येतो. त्या मशीनचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा आणि त्यावर ठळक लिहा.

आमच्या धंद्यातली गाठ: फॉन्ट

मराठी टायपिंगवाल्यांनी हा भाग नीट वाचा, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येईल अशी पद्धत, येण्याआधीच्या फायली ज्या फॉन्टमध्ये केल्या, तो फॉन्ट मशीनवर असेल तरच वाचता येतात. फॉन्ट गेला की मंडळाच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या अहवालात ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, फक्त तिला अंगावर घालायला कपडे नसतात. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर श्रीलिपी असो, आकृती असो की आयएसएम, तुमच्याकडे जे असेल त्याचे सगळे फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून एका वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, त्याला तारीख द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. विंडोजवरच विंडोज चढवलं, म्हणजे इन-प्लेस अपग्रेड केलं, तर फॉन्ट जागेवर राहतात. फॉरमॅट मारलं की गेले. आणि हार्डवेअरवाल्याला फॉरमॅट मारायला फार आवडतं, त्याचं काम तासात होतं. ज्यांच्याकडे जुन्या सॉफ्टवेअरची सीडी, सिरियल नंबर यातलं काहीच उरलेलं नाही, त्यांनी ‘फॉरमॅट नको, वरूनच अपग्रेड कर’ हे वाक्य पाठ करावं.

जी कामं वारंवार लागतात त्यांची आत्ताच पीडीएफ काढून ठेवा. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या पत्रिका, लेटरहेड, पावतीपुस्तकं यांची एक प्रत कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या बनवून, वेगळी ठेवा. त्यात पुढे अक्षर बदलता येणार नाही, पण छापता तरी येईल. मूळ फाइल पुसू नका म्हणजे झालं.

टायपिंगच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल असेल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू विंडोजला ओळखायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर, विंडोज ११ साठी मिळतो का, हे कंपनीला फोन करून विचारा. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण असतं आणि ते जुन्या धाटणीचे ड्रायव्हर अडवतं. विंडोज १० मध्येही विंडोज सिक्युरिटी, मग डिव्हाइस सिक्युरिटी असं गेलात तर ते चालू करायला बघता येतं. कुठले ड्रायव्हर आड येतात त्यांची यादी तेच दाखवतं. त्या यादीत तुमच्या डोंगलचं नाव दिसलं, तर नवा ड्रायव्हर हातात येईपर्यंत अपग्रेडचा विषय बंद.

युनिकोडवाल्यांना फारशी चिंता नाही. मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो. ज्यांना ‘नमस्कार’ इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी फोनेटिकही आहे. नव्या मशीनवर जुनी मंगल फॉन्टमधली पत्रं वेगळी दिसायला लागली, तर घाबरू नका. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट उतरवून घ्या, त्यात मंगल, कोकिळा, अपराजिता सगळे येतात.

बाकीची यादी झटपट

प्रिंटर आणि स्कॅनर: मॉडेलचा नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि ६४-बिट विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का बघा. जुने लेझर प्रिंटर दिसायला म्हातारे असले तरी बरेचसे तरतात. जुने स्कॅनर जास्त दगा देतात.

डिजिटल सहीचं टोकन: सही टोकनच्या आत असते, कॉम्प्युटरमध्ये नसते. त्यामुळे सही जात नाही, फक्त टोकनचा ड्रायव्हर आणि सही करवणारी छोटी युटिलिटी पुन्हा टाकावी लागते. पासवर्ड मात्र आठवतोय ना, हे आधी बघा. चुकीचा पासवर्ड टाकत राहिलात की टोकन लॉक होतं.

टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर): डेटाचं फोल्डर कुठे आहे ते टॅलीतच बघून त्याचा बॅकअप घ्या. फॉरमॅट मारणार असाल किंवा मशीन बदलणार असाल तर लायसन्स आधी सरेंडर करा, मग नव्या जागी चालू करा.

फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडणारी एखादी साइट: विंडोज ११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर नाही. एज या ब्राउझरमध्ये अशा जुन्या साइटसाठी आयई मोड आहे, तो किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. विंडोज १० वरच्या एजमध्येही तो आहे, तेव्हा आत्ताच चालवून बघा.

ऑफिस २०१६ आणि २०१९: यांचा सपोर्टही त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. विंडोज नवं आणि ऑफिस जुनं ठेवलंत तर निम्मंच काम केलंत.

आता मशीनकडे वळा

‘आय-फाइव्ह आहे’ या वाक्याने मला काहीच कळत नाही. आय-फाइव्हच्या पुढचा आकडा सांगा. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये प्रोसेसरच्या ओळीत तो असतो. आय५-७४०० म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. इंटेलची आठवी आणि त्यापुढची चालते, सातवीतले मोजके अपवाद सोडले तर त्याखालची नाही. एएमडीत रायझनची २००० मालिका आणि पुढची, पण त्यातही २२००जी आणि २४००जी बाहेर आहेत, आणि असेंबल केलेल्या मशीनमध्ये हे दोन सर्रास सापडतात.

हे डोकं लावायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक उतरवा आणि ‘चेक नाऊ’ दाबा. ते हो किंवा नाही सांगतं, आणि नाही असेल तर कारणही.

कारण टीपीएम २.०, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग, असेल तर लगेच मशीन विकायला काढू नका. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू करणं सोपं आहे. पण कारण सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची राखण) असेल आणि बायोस ‘लेगसी’वर, म्हणजे जुन्या पद्धतीवर असेल, तर स्वतः सेटिंग फिरवत बसू नका. जुन्या पद्धतीने भाग पाडलेली डिस्क, म्हणजे एमबीआर, तशीच ठेवून बायोस नुसतं यूईएफआय या नव्या पद्धतीवर टाकलं की मशीन सुरूच होत नाही. आधी विंडोजच्याच एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क बदलायची, मग बायोस. डेटा न पुसता होतं, पण बॅकअप घेतल्याशिवाय नाही. लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, लावलेला असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बायोसला हात लावल्यावर तो ती मागू शकतो, आणि की नसेल तर डेटा तुमचा असूनही तुम्हाला मिळणार नाही.

कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. प्रत्यक्षात ८ जीबीच्या खाली आणि साध्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ टाकणं म्हणजे रोज सकाळी चहा होईपर्यंत लॉगिनची वाट बघणं. पिढी आठवी आहे पण हार्ड डिस्क जुनी आहे, अशांनी आधी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवावी, मग अपग्रेड. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन दुकानं फिरा. भाव तोंडी विचारा, बिल पक्कं घ्या, वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

आणखी एक नाजूक बाब. सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. असेंबल करणाऱ्याने ‘फ्रीमध्ये’ टाकून दिलेलं विंडोज असेल, तर ते ज्या हत्याराने चालू केलंय त्यातच काय भरलेलं असेल याची खात्री कोणी देणार नाही. खरं विंडोज १० असेल तर अकरा फुकट मिळतं. खरं नसेल तर लायसन्स विकत घ्या, नाहीतर लिनक्स या फुकटच्या सिस्टिमवर जा. ‘सगळेच वापरतात’ हे मला सांगू नका.

मशीन नापास झालं तर

बाजारात तुम्हाला सांगतील, ‘ताई, आम्ही टाकून देतो, सगळं बायपास होतं.’ होतं खरं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेट मिळावीत म्हणून तर हा खटाटोप, मग तीच बेभरवशाची करून काय साधलं? खेळायला दुसरं मशीन असेल तर खुशाल करा. दुकानाचं, क्लिनिकचं, सोसायटीचं मशीन असेल तर नको.

ब्राउझर, ईमेल, यूट्यूब आणि क्वचित एखादं पत्र, इतकंच काम असेल तर लिनक्स मिंट बघा. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पेनड्राइव्हवरून न बसवता चालवून बघता येतं. वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालले की मग ठरवा. टॅली, कोरल किंवा डिजिटल सही लागत असेल तर मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही.

सेकंडहँड घेणार असाल तर कंपन्यांनी भाडेमुदत संपून परत केलेले लॅपटॉप चांगले निघतात. पैसे देण्याआधी दुकानातच तीन पडदे उघडायला लावा: प्रोसेसरचा नंबर, ॲक्टिव्हेशनचं पान आणि टीपीएम. विकणारा कुरकुर करायला लागला तर पुढच्या दुकानात जा.

मॅकवाल्यांसाठी एवढंच. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं मॅकओएस टाहो हे इंटेल चिपच्या मॅकसाठी शेवटचं आहे, आणि तेही शेवटच्या काही इंटेल मॉडेलनाच मिळतं. यादीचा नियम तुम्हालाही तोच.

पास झालं तर: कधी आणि कसं

दिवस निवडणं हे निम्मं काम. आमच्याकडे गणपतीआधीचे दोन महिने आणि लग्नसराई वर्ज्य. हिशेबवाल्यांनी मार्चअखेर, रिटर्नचा जुलै आणि दर महिन्याची २० तारीख टाळावी. मला विचाराल तर लोकलच्या मेगाब्लॉकचा रविवार उत्तम, नाहीतरी कुठे जाता येत नाही. सकाळी सुरू करा, रात्री नको. मुंबईत लाइट जात नाही हा आपला माज. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी लोकलसकट सगळं थांबलं होतं ते आठवा आणि यूपीएसची बॅटरी दम धरते का बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच.

आदल्या दिवशी बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक आणि आणखी कुठे तरी एक. बॅकअप घेतला म्हणजे नुसतं कॉपी झालं असं नाही, त्यातल्या चार फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. डेस्कटॉपवर पसरलेल्या फायली, डाउनलोड्स आणि आउटलुकमधल्या ईमेलची पीएसटी फाइल हमखास राहते. सी ड्राइव्हवर तीसेक जीबी मोकळी करा.

मग सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून जे दिसतं तेच घ्या. मशीन पात्र असूनही अकरा दिसत नसेल, तर कधीकधी मायक्रोसॉफ्टनेच तुमच्या एखाद्या ड्रायव्हरमुळे किंवा सॉफ्टवेअरमुळे ते रोखून धरलेलं असतं. अशा वेळी दुसऱ्या वाटेने जबरदस्ती करू नका, थांबा. आणि ज्यांच्याकडे आधीपासून अकरा आहे त्यांनीही विंडोजचं बटण आणि आर दाबून डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाइप करून व्हर्जन बघावं. होम आणि प्रोच्या प्रत्येक व्हर्जनला दोनच वर्षं सपोर्ट असतो. २३एच२ चा ११ नोव्हेंबर २०२५ ला संपलासुद्धा.

अपग्रेड झालं की परत फिरायला दहा दिवस असतात. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ दिसतं. तोवर सी ड्राइव्हवरचं विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर पुसू नका आणि कुठलंही सफाईचं सॉफ्टवेअर चालवू नका. दहा दिवस कमी वाटत असतील तर जाणकार माणसाकडून डीआयएसएमच्या कमांडने ती मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवून घ्या, पण दहा दिवस संपायच्या आत. आणि त्या काळात पहिल्या दिवशी केलेली यादी घेऊन बसा. एक पत्र छापा, एक पान स्कॅन करा, टोकन लावून एक सही करा, सगळ्यात जुना अहवाल उघडून फॉन्ट बघा, टॅलीतून एक बिल काढा. जे चाललं त्यापुढे बरोबरची खूण. महिन्यातून एकदाच लागणारं काम त्या दिवसांत येत नसेल तर मुद्दाम खोटं करून बघा. एखाद्या वस्तूपुढे खूण झाली नाही आणि तिचा ड्रायव्हर नवव्या दिवसापर्यंत मिळाला नाही, तर सरळ ‘गो बॅक’ दाबा, मधली मुदत घ्या आणि त्या वस्तूच्या मागे लागा.